हंडाभर पाणी आणि घाटाची उंची

(वाडीवर झालेल्या दोन दिवसांच्या शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी झालेलं हे बोलणं. बोलणारा साथी आपल्यातलाच, आश्रमशाळेत शिकून पुढे वायरमनचं काम शिकलेला. जसं बोलला तसं उतरवून घेतलं, थोडं आवरून छापलं आहे. ज्या वाडीत वाचणारं मोठं माणूस नसेल तिथे शाळेतल्या पोरांनी संध्याकाळी मोठ्यानं वाचून दाखवावं.)



काल रात्री चुलीपाशी बसलो होतो तेव्हा एका आजीनं मला विचारलं, "पोरा, त्या पाण्यातनं वीज काढून घेत्यात म्हणं. मग मागं ऱ्हातं त्या पाण्यात काय दम ऱ्हातो का रं? त्याच्यावर भात पिकंल का?"

दोन-चार पोरं हसली. हसू नका. मी वायरमनच्या वर्गात दोन वर्षं बसलो, पण हा सवाल तिथे कुणी विचारला नाही. वीज पाण्यातून काढतात म्हणजे नेमकं काय काढतात? आज मी जे सांगणार आहे ते सगळं आजीच्या या एका सवालाचं उत्तर आहे.

आणि ते आजच का सांगायचं, तेही ऐका. शिमगा झाल्यावर वरच्या पठारावर माणसं आली होती. तीन पायांची दुर्बीण, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची उंच काठी. दगडांवर चुन्यानं आकडे लिहून गेली. गुरं राखणाऱ्या पोरांनी विचारलं, तर "सर्वे आहे, सर्वे" एवढंच बोलली. कुणी म्हणतं धरण होणार, कुणी म्हणतं वीजघर, कुणी म्हणतं रस्ता. नक्की काय ते वाडीला कुणी सांगितलेलं नाही. काहीच नसेल तर चांगलं. पण असेल तर त्या साहेबासमोर उभं राहून बोलताना आपल्याला त्यातलं कळलं पाहिजे. नाहीतर तो दहा इंग्रजी शब्द टाकतो आणि आपण माना डोलावून परत येतो.

हंड्याचा हिशेब

इथे बसलेल्या सगळ्या बायांनी खालच्या झऱ्यावरून पाणी आणलेलं आहे. उतरताना रिकामा हंडा, चढताना भरलेला. वर येईपर्यंत छाती भरून येते. आता सांगा, तो दम गेला कुठे?

तो हंड्यात गेला. खालचं पाणी आणि वरचं पाणी दिसायला एकच, चवीला एकच. पण वरच्या पाण्यात ते चढवण्याची मेहनत साठलेली असते. तेच पाणी परत खाली सोडलं तर ते ती मेहनत परत करतं. ओढ्याला पूर आला की दगड गडगडत जातात ते याच जोरावर.

घाटावर जे पाणी पडतं ते कुणी चढवलं? सूर्यानं. समुद्राचं पाणी तापलं, वाफ झाली, ढग झाले, वाऱ्यानं ते आणून आपल्या डोंगरावर आपटले. हा हंडा सूर्य दर पावसाळ्यात फुकट चढवतो. कोळसा लागत नाही, रॉकेल लागत नाही, धूर होत नाही. म्हणून या विजेला सगळे चांगली म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही.

आता हिशेब. एक हंडा म्हणजे वीस लिटर धरू. तो ५०० मीटर उंचीवरून नळातून खाली सोडला आणि नीट यंत्रावर घेतला, तर गळती आणि घासण्यात जातं ते वजा करून ४० वॅटचा एक दिवा साधारण अर्धा तास जळतो. बिलात ज्याला एक युनिट म्हणतात त्याला असे चाळीस-बेचाळीस हंडे घाट उतरावे लागतात.

तोच हंडा २५ मीटरवरून सोडला तर? दिवा दोन मिनिटंही जळत नाही. अर्धा तास जाळायचा तर वीस हंडे लागतात.

म्हणजे विजेला दोनच गोष्टी लागतात, पाणी आणि उंची. उंची कमी असेल तर पाणी जास्त लागतं. उंची जास्त असेल तर थोड्या पाण्यात भागतं. देशावरच्या सपाटीच्या नदीवर मोठं धरण बांधून जी वीज मिळते, तेवढी आपल्या घाटात लहान तळ्यातून मिळते. कंपन्यांची आणि सरकारची नजर पहिल्यापासून सह्याद्रीवर का आहे, ते आता ध्यानात आलं असेल.

आणि आजीचं उत्तर पण यातच आहे. आजी, पाण्यातून काही काढत नाहीत. पाणी तेवढंच राहतं, भात पिकतो, गुरं पितात. काढून घेतात ती उंची. वर होतं ते खाली आलं की त्याची उंची संपली. ते पाणी परत वर जाणार नाही. ज्यांनी ते वर असताना वापरायचं होतं, त्यांच्या वाट्याचं ते गेलं.

यंत्र कसं चालतं

खोपोलीच्या वरून डोंगराच्या अंगावरनं उतरणारे लोखंडी नळ तुम्ही पाहिलेत. त्यांचं काम आता सांगतो.

वर तळं. आपल्याकडे सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो आणि दिवाळीनंतर ओढे आटत जातात. वीज मात्र बारा महिने पाहिजे. म्हणून दरीचं तोंड बांधून पाणी अडवतात. वीज पाण्याच्या पडण्यातून होते, पण बुडित होतं ते साठवण्यामुळे. हे दोन वेगळे करून समजून घ्या.

तळ्याच्या पोटात एक तोंड असतं, त्याला जाळी. पालापाचोळा, लाकडं आत जाऊ नयेत म्हणून. तिथून पाणी बोगद्यानं किंवा पाटानं डोंगराच्या कडेला येतं. कडेपासून नळ सुरू. नळ ५०० मीटर खाली उतरला की तळाशी इतका दाब होतो की अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर ५० किलोचं पोतं ठेवल्यासारखा. नळाच्या टोकाला निमुळतं तोंड असतं. त्यातून पाण्याची धार सुटते ती सेकंदाला शंभर मीटरच्या जवळपास.

ही धार एका चाकावर बसते. चाकाच्या कडेनं वाट्या लावलेल्या असतात, दोन वाट्या शेजारी शेजारी जोडाव्यात तशा. धार मधल्या कडेवर आदळते, दोन्हीकडे फुटते, उलटी वळते आणि सगळा जोर चाकाला देऊन खाली गळून पडते. हे चाक पेल्टन नावाच्या माणसानं अमेरिकेत, सोन्याच्या खाणींच्या मुलखात काढलं. १८८० साली त्याची नोंद झाली. उंच डोंगराला हेच चाक लागतं. कमी उंचीच्या मोठ्या धरणाला दुसऱ्या जातीचं, पाण्यात बुडून फिरणारं चाक असतं.

चाक ही जुनीच गोष्ट आहे. औरंगाबादची पाणचक्की पाण्याच्या धारेवर पीठ दळायची. हिमालयात ओढ्यावर अशी जाती अजून फिरतात. नवी गोष्ट पुढची आहे. १८३१ साली फॅरडे नावाच्या विलायती माणसानं दाखवलं की तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलवलं की तारेत वीज खेळते. सायकलच्या चाकाला जी बाटली लावतात, चाक फिरलं की दिवा लागतो, ती हीच युक्ती. वीजघरात ती बाटली घराएवढी असते आणि ती पाण्याच्या चाकाला जोडलेली असते. बस. यापलीकडे त्यात जादू नाही.

चाकाखालून जे पाणी बाहेर पडतं ते नदीला सोडतात. खोपोलीचं पाणी पाताळगंगेत जातं, भिवपुरीचं उल्हास नदीत, भिऱ्याचं कुंडलिकेत. म्हणून या नद्या वैशाखातही वाहतात. तुम्ही म्हणता ना, "नदीला पाणी हाय आणि वाडीच्या विहिरीत नाय," त्याचं कारण हेच. ते पाणी आपल्या नदीचं नाही. ते घाटावर पूर्वेकडे जाणाऱ्या नद्यांचं आहे, इंद्रायणी, आंध्रा, मुळा, नीला यांचं. ते अडवून डोंगरातून पश्चिमेला वळवलेलं आहे. वीज करून खाली आल्यावर ते पुढे कारखान्यांना आणि शहरांना जातं.

वीज जन्मली तिथून दूर कशी गेली

पाण्यावरची वीज पहिल्यांदा विकायला निघाली ती अमेरिकेत, ॲपलटन नावाच्या गावी, १८८२ साली. नदीवर चाक, आणि दिवे जवळच्याच कारखान्यात आणि घरात. आपल्या देशात पहिलं वीजघर दार्जिलिंगजवळ सिद्रापोंगला, १८९७ साली. ओढ्याच्या पाण्यावर, लहानसं, १३० किलोवॅटचं. त्यातून दार्जिलिंगचेच दिवे लागले. या दोन्ही ठिकाणी वीज जवळच राहिली, कारण तेव्हा तिला लांब नेणं कठीण होतं. तारेतून जाता जाता ती वाटेतच गरम होऊन संपायची.

मग एक युक्ती निघाली. विजेचा दाब खूप वाढवायचा, म्हणजे तारेत नासाडी कमी होते. लांब पोचली की दाब परत कमी करायचा. हे काम जो डबा करतो त्याला ट्रान्सफॉर्मर म्हणतात. १८९६ साली नायगाऱ्याच्या धबधब्याची वीज चाळीसेक किलोमीटरवरच्या बफेलो शहरात गेली. १९०२ साली म्हैसूर राज्यात कावेरीवर शिवसमुद्रमला वीजघर झालं. त्याची वीज जवळच्या गावांना नाही गेली. ती सुमारे दीडशे किलोमीटर लांब, कोलारच्या सोन्याच्या खाणीत गेली.

हा फरक बारकाईनं बघा. जोवर वीज लांब जात नव्हती, तोवर पाणी ज्यांचं त्यांच्याजवळ दिवा लागायचा. तार लांब गेली आणि डोंगरातला माणूस हिशेबातून सुटला. त्याचं पाणी पाहिजे, त्याची उंची पाहिजे. तो नाही लागत.

मग आपला मुलूख. मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालायच्या. कोळसा लांबून यायचा, महाग पडायचा, शहरभर धूर. जमशेटजी टाटांच्या मनात घाटाच्या पाण्याची कल्पना होती. ते १९०४ साली वारले. पुढे १९१० साली कंपनी निघाली. लोणावळा, वळवण, शिरवता ही तळी बांधली. १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं आणि ती वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा. ही तिन्ही वीजघरं आपल्या घाटाच्या पायथ्याशी आहेत.

गिरण्या चालल्या, हजारो कामगारांना काम मिळालं, मुंबईचा धूर कमी झाला. हे खरं आहे, ते नाकारायचं नाही. पण प्रत्येक हिशेबाला दुसरी बाजू असते. ती मुळशीला दिसली.

मुळशीत काय झालं

भिऱ्याला जे पाणी येतं ते मुळशीच्या तळ्याचं. नीला आणि मुळा नद्यांचा संगम जिथे, तिथे धरण. त्या खोऱ्यात मावळ्यांची पन्नासेक गावं. भात पिकवणारी, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच. कंपनीनं त्यांना विचारलं नाही. सरकारकडे गेली. सरकारच्या हातात १८९४ चा भूसंपादन कायदा होता. त्यात लिहिलेलं, सार्वजनिक कामासाठी सरकार जमीन घेऊ शकतं. खाजगी कंपनीची वीज हेच सार्वजनिक काम ठरलं.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. सत्याग्रह सुरू झाला. पुढारी होते पांडुरंग महादेव बापट. पुढे लोक त्यांना सेनापती बापट म्हणू लागले ते याच लढ्यामुळे. बायाही त्यात होत्या. काम काही महिने थांबलं. मग परत सुरू झालं. परत सत्याग्रह, परत तुरुंग. १९२४ पर्यंत लढा चालला आणि शेवटी धरण झालं.

लढा का हरला, याची कारणं बरीच आहेत. पण एक कारण आपल्यासाठी महत्त्वाचं. खोऱ्यातली पुष्कळ जमीन कागदावर पुण्याच्या सावकारांची झालेली होती. कर्जात गहाण पडलेली. नांगर मावळ्याचा, कागद सावकाराचा. सुरुवातीला दोघं एकत्र होते. मग भरपाईचा आकडा वाढायला लागला. सावकाराला जमीन म्हणजे पैसा, त्याला आकडा पटला की त्याचं भांडण संपलं. मावळ्याला जमीन म्हणजे राहायचं ठिकाण, त्याला कुठल्याच आकड्यात ते परत मिळत नव्हतं. ज्याचं कागदावर नाव, तो पैसे घेऊन मोकळा झाला. ज्याच्या हातात नांगर होता, तो पाणी चढलं तसा वर सरकला.

कोयनेत काय झालं

कुणी म्हणेल ते इंग्रजांचं राज्य होतं. मग स्वतःच्या राज्यातलं बघा.

कोयना नदीही पूर्वेकडे जाणारी. तिला अडवून, डोंगराच्या पोटातून बोगदा काढून पाणी पश्चिमेला पोफळीला उतरवलं. वीजघरही डोंगराच्या आत कोरलेलं. तिथली उंची साधारण पावणेपाचशे मीटर. १९६२ च्या सुमाराला वीज सुरू झाली. महाराष्ट्राच्या कारखान्यांचा पाया त्या विजेवर उभा आहे, असं म्हणतात ते चूक नाही.

त्या तळ्यात शंभराच्या आसपास गावं गेली. काही लोकांना आणून आपल्या जिल्ह्यातही बसवलं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना विचारा, गाव सोडताना कायदा काय म्हणत होता. कायदाच नव्हता. धरणग्रस्तांचं पुनर्वसन करायचा महाराष्ट्राचा पहिला कायदा झाला १९७६ साली. तोवर कोयनेचं तळं भरून चौदा-पंधरा वर्षं झाली होती.

आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला मोठा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. धरणालाही तडे गेले, ते नंतर बुजवून मजबूत केलं. तळ्यातल्या पाण्याचा आणि तिथल्या भूकंपांचा संबंध आहे, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे तळ्याचं मोल फक्त बुडालेल्या जमिनीत मोजून पुरत नाही.

आपली दळी कुणाच्या नावावर

आता घरचं बोलू.

आपल्या जिल्ह्यात ठाकूर, कातकरी डोंगरउतारावर दळी करतात. राब भाजायचा, नाचणी-वरी काढायची. इंग्रजांच्या वेळेपासून ही जमीन जंगलाची म्हणून धरलेली आणि कसायला आपल्याला दिलेली. त्या बदल्यात आपल्या आज्यापणज्यांनी जंगलात राबायचं. आमच्या वाडीची दळी एका नाईकाच्या नावावर लिहिलेली आहे. तो नाईक माझ्या आज्याच्या वेळीच वारला. कसणारी घरं आज तीसच्या वर आहेत. कागदावर नाव एका मेलेल्या माणसाचं.

१९५७ साली कुळकायद्यानं एक एप्रिलला कुळं मालक झाली. गावातल्या कुळांची नावं सातबाऱ्यावर चढली. आपली नाही चढली, कारण दळी जंगलाची, तिथे तो कायदा लागू होत नव्हता. मग १९८० चा वनसंवर्धन कायदा आला. जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर दिल्लीची परवानगी पाहिजे. २००६ पर्यंत दळी नावावर करा म्हटलं की साहेब हाच कायदा दाखवायचे. पण धरण बांधायचं असेल तेव्हा त्याच कायद्यातून दिल्लीची परवानगी मागता येते. तेव्हा नाचणीला परवानगीची वाट बंद होती आणि तळ्याला उघडी, असं कसं? हे आपण विचारलं पाहिजे.

मला माझ्या मामाचं घर आठवतं. त्यांची वाडी एका तळ्याच्या कडेला होती. धरणाचं नाव मी घेत नाही. मोजणीला माणसं आली तेव्हा गावातल्या खातेदारांच्या जमिनी मोजल्या, झाडं मोजली, आंब्याची वेगळी, फणसाची वेगळी. मामा उभा राहून बघत होता. त्यानं विचारलं, "साहेब, आमची कधी मोजणार?" साहेब म्हणाला, "तुमची कुठली? ही तर सरकारची." मामानं लावलेले दोन आंबे होते. ते सरकारचे म्हणून लिहिले गेले. मामा पुढे वीटभट्टीवर गेला. त्याची पोरं भट्टीवरच वाढली. आज त्या तळ्याच्या वरून विजेच्या तारा जातात. मामाच्या वाडीतली जी चार घरं उरली, ती चिमणी लावून झोपतात.

मामा विजेच्या विरुद्ध नव्हता. मीही नाही. मी वायरमन आहे, माझं पोट विजेवर आहे. आपल्या पोरांनी दिव्याखाली बसून अभ्यास करावा, विहिरीवर पंप चालावा, पिठाची गिरणी वाडीत यावी, हे आपल्यालाही पाहिजे. आपलं म्हणणं एवढंच. विजेला पाणी आणि उंची लागते. ही उंची रिकामी नाही. तिच्यावर आपली नाचणी आहे, आपली हिरडा-बेहड्याची झाडं आहेत, आपली मसणवट आहे, आपला वाघ्यादेव आहे. उंचीचा हिशेब धरणार असाल तर तिच्यावर राहणाऱ्यांचा हिशेब आधी धरा.

आता करायचं काय

मी सहा कामं सांगतो. पाठ करा.

एक. वरच्या पठारावर दगडांवर जे आकडे लिहिलेत ते जसेच्या तसे वहीत उतरवून घ्या. कुठल्या दगडावर काय, जवळ कुठलं झाड, ते लिहा. पोरांना हे काम द्या. आकडे पुसू नका. पुसले तर आपल्यावरच केस होते आणि आपल्या हातातला पुरावाही जातो.

दोन. प्रत्येक दळीची यादी करा. कसणाऱ्याचं नाव, बाईचं नाव पण, किती वर्षांपासून, चारी बाजूंना काय. वाडीच्या बैठकीत मोठ्यानं वाचा, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या. मेलेल्या नाईकाच्या नावावर भरवसा ठेवू नका.

तीन. घरात जुने कागद असतील ते शोधा. दळीचा कागद, पट्टी भरल्याची पावती, आणि फॉरेस्टवाल्यानं दंड केल्याची पावती असेल तर तीही. दंडाची पावती बघून लाजू नका. त्यावर तारीख असते. त्या तारखेला तुम्ही त्या जमिनीवर होता याचा तो पुरावा आहे. उंदरांनी खाण्याआधी पत्र्याच्या डब्यात ठेवा.

चार. कोऱ्या कागदावर अंगठा नाही. लिहिलेल्या कागदावरही वाचून घेतल्याशिवाय नाही. "हजेरीसाठी आहे" म्हटलं तरी नाही.

पाच. गावातल्या खातेदारांशी बोला. त्यांचं आणि आपलं पटत नाही, गुरांवरून, लाकडावरून भांडणं आहेत, मला माहीत आहे. पण मुळशी आठवा. आकडा वाढला की कागदवाला एकीकडे आणि नांगरवाला दुसरीकडे होतो. आधीच ठरवून घ्या, लिहून घ्या, की सातबारावाला आणि दळीवाला एकाच अर्जावर सही करतील.

सहा. साहेब आला तर त्याला पाणी द्या, बसवा, आणि हे सवाल विचारा. काम कसलं आहे? तळं असेल तर भरल्यावर पाणी कुठल्या दगडापर्यंत येणार? तो दगड चालत येऊन दाखवा. कुणाची जमीन मोजणार, सातबाऱ्याचीच की दळीचीही? वीज कुठे जाणार? कुठल्या वाडीला, कुठल्या सालापर्यंत दिवा देणार, ते कागदावर द्याल का? तळ्याच्या वरच्या बाजूला राहिलेल्या वाड्यांना वाट कुठून? पाणी चाकाखालून सुटलं की पुढे कुणाच्या मालकीचं?

साहेब म्हणेल, हे तुम्हाला कळायचं नाही. तेव्हा हंड्याचा हिशेब सांगा. वीस लिटर, ५०० मीटर, एक दिवा, अर्धा तास. मग तो जरा नीट बोलेल.

काल विचारणाऱ्या त्या आजीला मी सकाळी परत भेटलो. हे सगळं थोडक्यात सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी पाणी आपलंच वर हुतं, ते खाली नेलं. मंग खाली नेताना वरच्याला इचारायला नको?" माझं सगळं भाषण तिनं एका वाक्यात करून टाकलं.

येत्या अमावास्येला वरच्या वाडीत बैठक आहे. याद्या आणि पावत्यांचे डबे घेऊन या. बायांनी यायलाच पाहिजे, हंड्याचा हिशेब त्यांनाच जास्त कळतो.

जिंदाबाद.